दर मंगळवारी आजारी पडणाऱ्या बाई

सर्व संबंधितांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या ट्यूटरबाई दर मंगळवारी दुपारी अडीच वाजता अत्यवस्थ होत असत. वीस मिनिटांत त्यांना कोणी वाचवलं नाही तर त्या मरत. तीन वाजता गिरणीचा भोंगा झाला की उठत, पदर झटकत, आणि बुधवारी सकाळी साडेसातला वॉर्डात आमची नखं तपासायला हजर असत.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यातल्या निदान चार-पाच मरणांना मी स्वतः जबाबदार आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापूरची. एका इस्पितळाला जोडलेली नर्सिंगची शाळा होती आणि तिच्यात आम्ही चौदाजणी शिकत होतो. वर्ग म्हणजे पत्र्याची लांबट खोली. चैत्रात तिच्यात बसलं की ताप कसा चढतो ते वेगळं शिकवावं लागत नसे. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला लोखंडी खाट आणि खाटेवर कमळाबाई. कमळाबाई ही माणसाएवढी बाहुली. तिला स्पंज कर, तिची चादर बदल, तिला कुशीवर वळव, अशी आमची तालीम चाले. वळवताना तिचा डावा हात निखळून आमच्या हातात येई. ती तक्रार करत नसे. पेशंट असावा तर असा, असं आमचं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

बाई बदलून आल्या त्याच आठवड्यात त्यांनी कमळाबाईला बखोटीला धरून उचललं, खुर्चीत बसवलं, चपला काढल्या आणि स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. लाल ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं.

"मी पेशंट. वीस मिनिटं आहेत. विचारा."

आम्ही वह्या उघडून वर तारीख घातली.

"लिहू नका. विचारा."

"काय विचारू, बाई?"

"ते मला ठाऊक असतं तर मी दवाखान्यात कशाला आले असते?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. खुर्चीतली कमळाबाई आमच्याकडे पाहत होती. त्या दिवशी बाई विनाउपचार गेल्या.

बाई दिसायला उंच, हडकुळ्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे त्या येण्याआधी त्यांचा आवाज यायचा आणि आम्ही सावध व्हायचो. विचार करताना उजवं मनगट झटकायची सवय होती, थर्मामीटरचा पारा उतरवतात तसं. हातात थर्मामीटर असो वा नसो. जिन्यात, वॉर्डात, चहाचा कप तोंडाला लावताना. आम्ही म्हणायचो, बाईंच्या डोक्यात सदानकदा पारा चढलेला असतो, त्या तो उतरवत असतात. एका जागी बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पाहिलं ते एक तर चालताना, नाही तर मरताना.

आमची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. ज्या गावची, त्या गावाच्या नावानं हाक. "बार्शी, नाडी बघ." "अक्कलकोट, बेडपॅन." मी करमाळा. आमच्यात एकच सोलापूरची होती, नागमणी. तिला सोलापूर म्हणायचं तर इस्पितळभर माणसं वळून बघतील, म्हणून ती भवानी पेठ. तिच्या घरी दोन हातमाग, त्यांवर दिवसभर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळणारे धोटे, आणि घरातली बोली तेलुगू. मराठी ती अंधारात जिना उतरावा तशी बोलायची, एकेक शब्द चाचपून. आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, हसायचो. त्यामुळे ती बोलेनाशी झाली. पहिल्या वर्षात तिनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. बाई खाटेवरून तिच्याकडे मान वळवत, "काय भवानी पेठ?" ती मान खाली घाली. बाई पुढं काही म्हणत नसत. आमच्या बाबतीत त्यांना वीस मिनिटांचा धीर नव्हता, तिच्या बाबतीत वर्षाचा होता.

पेशंट दर आठवड्याला नवा. कधी टांगेवाल्याची बायको, "क्या बोलूं सिस्टर, जी घबराता." कधी अक्कलकोटकडची म्हातारी, दर वाक्याआधी "अय्यो" म्हणणारी. कधी डोक्याला टॉवेल गुंडाळून शेतकरी. बाईंचा आवाज, कूस बदलणं, खोकणंसुद्धा बदलायचं. मी बऱ्यापैकी नाटकं पाहिली आहेत पुढे. इतक्या जवळून, इतकं घाबरवणारं एकही नाही.

माझ्या हातून झालेला पहिला खून सांगते. बाई घामाघूम, थरथरताहेत, असंबद्ध बोलताहेत. मी पुढं झाले आणि गोड आवाजात म्हणाले, "विश्रांती घ्या हं." बाईंनी घेतली. ब्लँकेट तोंडावरून ओढून घेतलं आणि आतून आवाज आला, "मेले. करमाळ्यानं मारलं."

मग ब्लँकेटमधून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि जेवलेच नव्हते. चमचाभर साखरेनं उठून बसले असते. विचारलं का?"

विचारलं का? हे दोन शब्द आम्ही झोपेतही ऐकायचो.

आता दुसरी बाजू. मेट्रनबाई प्रेमळ होत्या, आम्हाला संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या, आणि लेक्चर द्यायच्या. लेक्चर म्हणजे त्यांच्या स्वतःच्या शिक्षणाच्या वेळची वही. ती त्या सावकाश वाचायच्या, आम्ही उतरून घ्यायचो. त्या सांगतील ते सगळं. एकदा "रुग्णाला" एवढं सांगून त्या धूळ येते म्हणून मध्येच "खिडकी लावा" म्हणाल्या आणि पुढं वाचत्या झाल्या. बार्शीनं परीक्षेत लिहिलं, 'रुग्णास खिडकी लावून उजव्या कुशीवर निजवावे.' आणि हसू नका, तिला त्या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले. तपासणाऱ्यानंही बहुधा तशाच वहीतून उतरून घेतलं असणार.

तेव्हा आमचा जीव कुठं असायचा सांगा. परीक्षेला वही चालत होती. घरची माणसं पास होण्याची वाट बघत होती. आणि इथं मंगळवारचा सबंध तास पेशंटच्या विनवण्या करण्यात जायचा, हाती कागद नाही. आम्ही चुळबुळ करायचो. शेवटी वर्गाची पुढारी म्हणून मी गेले. बाई कॉरिडॉरमधून चालत होत्या, मी मागं धावत होते.

"बाई, नोट्स द्या ना. परीक्षेत पेशंट येणार नाही. प्रश्न येणार."

"परीक्षेत ते तुम्हाला विचारणार. मग इथं तुम्ही कुणाला तरी विचारा." मनगट झटकलं आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. जुडगा बराच वेळ ऐकू येत होता.

माझं मत बदललं ते एका म्हातारीमुळं. स्त्रियांच्या वॉर्डात मोहोळकडची एक आजी होती, अंगात काही न उरलेली. तिच्या तक्त्यावर चार दिवस एकच नोंद, 'दूध घेत नाही.' डॉक्टर तिला रागावले. मी तिला दुधाचे गुणधर्म सांगितले, मेट्रनबाईंच्या वहीतल्या क्रमानं, कॅल्शियमसकट. आजीनं तोंड फिरवलं. बाई मागून आल्या, तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "विचारलं का?"

मी विचारलं. केवळ बाई मागं उभ्या होत्या म्हणून.

"आजी, दूध का पीत नाही?"

आजीनं चार दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अगं बाय, त्या निळ्या काठाच्या मगातनं तू शेजारणीची लघवी मोजतीस. म्या बगितलंय की. आन् त्याच मगातनं मला दूद देतीस व्हय?"

ते दोन मग वेगळे होते. दोन्ही पांढरे, दोन्ही निळ्या काठाचे, पण वेगळे. हे आम्हाला ठाऊक. आजीला कोण सांगणार? तिला चार दिवस कुणी विचारलंच नव्हतं. मी पितळी पेल्यात दूध आणलं. आजीनं ते एका दमात संपवलं आणि वर म्हणाली, "साकर कमी हाय."

त्या दिवसापासून मी बाईंची. नुसती नव्हे, कट्टर. चौदाजणींतल्या अकराजणींना मी आठ दिवसांत फिरवलं. आणि कट्टर माणसाच्या हातून जे होतं, तेच माझ्या हातून झालं.

दुसऱ्या वर्षी बातमी आली की वरून इन्स्पेक्शन येणार. मंगळवारच्या तासाविषयी कुणीतरी वर लिहिलं होतं. येणाऱ्या बाई तो तास स्वतः बसून बघणार आणि ठरवणार, हा ठेवायचा की त्याच्या जागी सरळ लेक्चर. मेट्रनबाईंनी हे आम्हाला सांगताना चष्मा तीनदा पुसला. आमच्या बाई एवढंच म्हणाल्या, "तयारी करू नका."

तयारी करू नका! तो आठवडा आम्हाला ना जेवण गेलं ना झोप लागली. टोपीच्या पिना टोचत होत्या, पत्रा तापत होता. आणि मंगळवारी आमच्यापैकी कुणी बावळटासारखं "विश्रांती घ्या" म्हणालं आणि बाई पाहुण्यांसमोर मेल्या तर? तास गेलाच.

मी बाईंना वाचवायचं ठरवलं.

बाई प्रत्येक पेशंट एका कार्डावर लिहून ठेवत, जुन्या तापाच्या तक्त्यांचे तुकडे कापून. ती कार्डं टेबलाच्या खणात असत. कमरेला एवढ्या किल्ल्या, पण त्यातली एकही त्या खणाची नव्हती. सोमवारी दुपारी बाई वॉर्डात असताना मी खण उघडला. वरचंच कार्ड, निळ्या शाईत. 'पुरुष, वय पन्नास. तोंड आलंय, जीभ भाजते, दोन महिने. भाकरी चावत नाही.' मी वाचलं, ठेवलं, पळाले.

तोंड येणे! वहीतलं पान बत्तीस. ब जीवनसत्त्वाचा अभाव, लक्षणं, आहार, गोळ्या. हॉस्टेलवर मी सगळ्यांना वाक्यं वाटून दिली. बार्शीनं लक्षणं म्हणायची, अक्कलकोटनं कारण, मी उपचार. नागमणीला एकही वाक्य दिलं नाही. तिच्या मराठीला कोण पाहुण्यांसमोर उभं करणार?

ती कोपऱ्यातून म्हणाली, "पन कामधंदा काय करतंय त्यो?"

"तुला काय करायचंय? कार्डावर नाही ते. तू शेवटच्या बाकावर बस, गप्प."

मंगळवारी अडीचला पाहुण्या बाई खुर्चीत बसल्या, म्हणजे कमळाबाईच्या. कमळाबाईला खिडकीत टेकवलं होतं. मेट्रनबाई शेजारी. आमच्या बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून खाटेवर पडल्या आणि पन्नाशीचा पुरुष होऊन कण्हल्या.

"सिस्टर, तोंड आलंय बगा. जीभ लई भाजती. भाकरी चावाय येत न्हाय."

बार्शी उठली, घडाघडा बोलली. अक्कलकोट उठली. मी उठले आणि गोळ्यांची मात्रा सांगितली, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. पाहुण्या बाई मान डोलावत लिहीत होत्या. मी इतकी खूष होते की खाटेकडे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा ब्लँकेटखाली बाईंचं मनगट हलत होतं.

"बरं. गोळ्या घेतल्या. पंदरा दिसांनी परत आलो. तोंड हाय तसंच हाय."

हे वाटून दिलेल्या वाक्यांत नव्हतं. मी म्हणाले, "गोळ्या दुप्पट करा."

"केल्या. म्हैन्यानं आलो. तसंच हाय."

"पालेभाजी खा," बार्शी म्हणाली.

बाईंनी मान उचलली. आमच्या डोक्यांवरून शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "आनि काय इचारायचं न्हाय का मला?"

माझ्या मागं बाक करकरला. नागमणी अर्धी उठली होती. आता हिची अडखळत, चाचपडत मराठी, पाहुण्यांसमोर! मी मागं हात घालून तिचा पदर धरला आणि खाली ओढला. ती बसली.

बाईंनी ब्लँकेट तोंडावरून ओढून घेतलं. आतून त्या दिवशी काही आवाज आला नाही.

पाहुण्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा. मुलींचं पाठांतर फार छान. हे कुठून शिकलात गं?"

"वहीतून," बार्शी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"मग झालं की," पाहुण्या बाई मेट्रनबाईंना म्हणाल्या. "लेक्चरातून इतकं येतंय, तर हे नाटक कशाला?"

तुमच्या लक्षात आलं ना मी काय केलं होतं? मुली बावळट ठरल्या असत्या तर कदाचित तास राहिला असता, अजून शिकवायला हवं म्हणून. मी त्यांना हुशार ठरवलं, आणि तेही दुसऱ्याच्या वहीतून. पुढच्या मंगळवारी अडीचला फळ्यासमोर मेट्रनबाई उभ्या होत्या आणि कमळाबाई खाटेवर होती.

मी कबुली द्यायला गेले तेव्हा बाई खण रिकामा करत होत्या.

"बाई, कार्ड मी पाहिलं होतं. आदल्या दिवशी."

मनगट झटकलं. "माहीत आहे. तू चोरटी आहेस, पण नीटनेटकी नाहीस. वरचं कार्ड दुसऱ्याखाली ठेवलं होतंस. मागची बाजू वाचलीस?"

"मागं पण होतं?"

"चोरायचं तर पुरतं चोरावं, करमाळा." त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

मागं लिहिलं होतं, 'हातमागावर काम. धोट्याच्या भोकातून दोरा तोंडानं ओढून घेतो. दोऱ्याला कच्चा रंग, तो जिभेला लागतो. विचारलं तरच सांगायचं.' आणि त्याखाली एक ओळ, 'भवानी पेठ विचारील. घाई करायची नाही.'

 विणकराच्या घरात वाढलेली एकच मुलगी वर्गात होती. वर्षभर थांबून, पाहुण्यांच्या समोर, बाईंनी तिच्यासाठी तो पेशंट रचला होता. आणि तिचा पदर माझ्या मुठीत होता.

"रागवा ना, बाई," मी म्हणाले.

"मला नको सांगू. तिला विचार," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

मी नागमणीला विचारलं. तू काय विचारणार होतीस? ती म्हणाली, "आमच्या नानाचंबी तोंड तसंच येतंय. तांबड्या रंगाच्या दोऱ्याला लई." एवढंच. माझ्या अंगावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

बदलीचा हुकूम पंधरा दिवसांत आला. पार कोकणात. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, घरी एक आई, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली. सोलापुरातल्या घराच्या पायऱ्या तेवढ्या तिला पाठ होत्या. हुकमात लिहिलं होतं, 'स्वतःच्या विनंतीवरून.' तसं लिहायची पद्धत असते म्हणे.

निरोपसमारंभाचं मी जरा मागं ठेवते. आधी पुढचं सांगून टाकते.

मी बाईंना कोकणात चार पानी पत्र लिहिलं. माफी, आठवणी, पुन्हा माफी. उत्तर पोस्टकार्डावर आलं, एका ओळीचं. 'पत्र पोचलं. चार पानांत प्रश्न एकही नाही.' मी लगेच दुसरं लिहिलं. कशा आहात, आईंना नवं घर सापडतं का, तिथल्या मुली विचारतात का. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी तिकडची एक सिस्टर भेटली, तिनं सांगितलं, बाई गेल्या. कशानं, ते तिला ठाऊक नव्हतं. शेवटी कुठल्या वॉर्डात होत्या, उशाशी कुणी होतं का, त्यांच्या तक्त्यावर काय लिहिलं होतं, मी तिला एकामागून एक विचारत सुटले. ती बिचारी घाबरली. माझं मनगट झटकत होतं, ते मला नंतर कळलं.

आता निरोपसमारंभ. तो त्याच पत्र्याच्या खोलीत झाला. केळी, चिवडा, गुलाबाचा हार. बाई पहिल्यांदाच खुर्चीत बसलेल्या पाहिल्या, आणि पाहवेना. हात मांडीवर, जुडगा कमरेला नव्हता; किल्ल्या परत दिलेल्या. मागं खाटेवर कमळाबाई, लाल ब्लँकेट गळ्यापर्यंत.

मेट्रनबाई उभ्या राहिल्या आणि सवयीनं लेक्चर दिलं. चाळीस मिनिटं. बाईंची शिस्त, बाईंची कळकळ, बाईंचा त्याग. दोन मुलींनी सवयीनं उतरूनही घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बाईंनी स्वतः विनंती करून ही बदली मागून घेतली, तेव्हा आपण त्यांना आनंदानं निरोप देऊ या."

आम्ही टाळ्या वाजवल्या. वाजवायच्या असतात म्हणून. मीही वाजवल्या, सगळं ठाऊक असून.

तेवढ्यात शेवटचा बाक करकरला. या वेळी मी हात मागं नेला नाही. भवानी पेठ उभी राहिली होती, पुरती, ताठ. शब्द चाचपायला थांबली नाही. दोन वर्षांत या खोलीत विचारलेला तिचा पहिला प्रश्न, आणि तो इतक्या मोठ्यानं आला की टाळ्या वाजता वाजता थांबल्या.

"पन बाईला इचारलं का कुनी?"